लिंबूटिंबू

रविवारी सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नंबर लावून बसावं लागतं. बाकावर चुरगळलेला पेपर, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर आदल्या रात्रीच्या आयपीएल सामन्याची क्षणचित्रं आणि समोरच्या आरशात तीच क्षणचित्रं उलटी, म्हणजे सगळे फलंदाज डावखुरे. माझ्या शेजारी एक उंच आफ्रिकन मुलगा बसला होता. इथल्याच कुठल्याशा कॉलेजात शिकत असावा. सलूनवाला ओळखीचा होता त्याच्या, मधूनमधून "दो मिनिट, भाई" म्हणत होता. वेळ जाईना म्हणून मी विचारलं, कुठला? तो म्हणाला, केनिया. आणि माझा आवाज एकदम चढला. "केनिया! टिकोलो! ओडुम्बे! रजब अली!" बाकावरची दोन माणसं पेपरातून डोकं काढून बघायला लागली. त्या मुलाने थोडा विचार केला आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, हे लोक राजकारणात आहेत का?"

क्रिकेट, मी म्हटलं, तुमचं क्रिकेट. हं, क्रिकेट, तो म्हणाला. शाळेत जाताना त्याची बस नैरोबी जिमखान्यावरून जायची, तेव्हा पांढऱ्या कपड्यातली माणसं दिसायची. "ते तिकडे इंडियन लोक खेळतात, सर." मग त्याचा नंबर आला, तो उठला, आणि मी आरशातला डावखुरा विराट कोहली बघत बसलो.

त्याचा जन्म दोन हजार चार-पाचचा असणार. त्याने ही नावं का लक्षात ठेवावीत? तरीही ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं, जेवताना ताटाशी बसलं आणि रात्री दिवा घालवल्यावरही गेलं नाही.

कारण मी तिथे होतो. २९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचं नेहरू स्टेडियम. कॉलेजला दांडी मारून, मित्राच्या काकांनी कुठूनतरी मिळवलेल्या पासांवर आम्ही चौघं विश्वचषकाच्या सामन्याला गेलो होतो ते वेस्ट इंडीजच्या लाराला बघायला. केनिया हा सामन्यातला तोंडी लावण्याचा पदार्थ होता. उन्हाळा लागलेला होता, पायऱ्यांचं सिमेंट पँटमधून भाजत होतं, आजूबाजूला संत्र्यांच्या सालींचा आणि घामाचा एकत्र वास. केनियाने १६६ केल्या, त्यातही सगळ्यात जास्त धावा कुठल्या फलंदाजाच्या नव्हत्या, अवांतर होत्या. दुपारी आम्ही हिशोब मांडला की लारा पन्नास करेल, सामना लवकर आटपेल आणि सारसबागेत भेळ खाऊन सहापर्यंत घरी. रिचर्ड्सनचा त्रिफळा उडाला. मग लारा आला आणि आठ धावांवर रजब अलीच्या चेंडूला त्याची कड लागली. मागे त्यांचा यष्टिरक्षक तारिक इक्बाल, डोळ्यांवर चष्मा, अंगाने चांगला भरलेला. चेंडू त्याच्या हातात अडकला की पोटाशी, आम्हाला तिथून कळलंच नाही. त्यालाही क्षणभर कळलं नसावं. मग त्याने तो वर उडवला आणि स्टेडियम आधी गप्प झालं. लाराला बघायला आलो होतो ना! पण पाचदहा मिनिटांत काहीतरी फिरलं. मागच्या रांगेतले एक आजोबा उठून "के-नि-या, के-नि-या" असं कोजागरीच्या गाण्यासारखं म्हणायला लागले आणि बघता बघता अख्खा स्टँड त्यांच्यामागे. वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. ओडुम्बेला १५ धावांत तीन बळी. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत सगळीकडे तो एकच शब्द होता जो मराठी क्रिकेटमध्ये अशा संघांसाठी ठेवलेलाच आहे: लिंबूटिंबू.

तो शब्द मला फार जवळचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात मी चार वर्षं लिंबूटिंबू होतो. ज्यांच्या अंगणात कधी क्रिकेट झालं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लिंबूटिंबू म्हणजे ज्याला खेळात घेतलेलं असतं पण धरलेलं नसतं. तो दोन्ही बाजूंनी क्षेत्ररक्षण करतो. गटारात गेलेला चेंडू तोच काढतो, काडीने, आणि चड्डीला पुसून देतो. बॅटिंग सगळ्यांत शेवटी, उजेड उरला तर. उजेड सहसा उरत नाही. आणि नियम काय आहेत हे बॅट ज्याची त्याला विचारायचं. आमच्याकडे बॅट होती तिसऱ्या मजल्यावरच्या दादाची. एक टप्पा आउट आहे की नाही हे तो स्वतः खेळत असताना वेगळं असायचं आणि आम्ही खेळत असताना वेगळं. भांडण फार वाढलं की तो काहीच बोलायचा नाही. बॅट काखेत मारायचा आणि जिन्याकडे चालायला लागायचा. पाचव्या पायरीवर आमच्यातला कुणीतरी त्याला हाक मारून परत बोलावायचाच.

क्रिकेटचं जग कैक वर्षं तसंच चाललं. १९०९ साली लॉर्ड्सवर तीन देश बसले, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आणि इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स उभी केली, म्हणजे आजची आयसीसी. नावातच साम्राज्य. आपण, न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीज १९२६ मध्ये आत आलो. १९६५ मध्ये नावातलं 'इम्पीरियल' गेलं, पण संस्थापकांचा नकाराधिकार राहिला. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाला नको असेल ती गोष्ट व्हायचीच नाही, मग बाकीचे काही का म्हणेनात. हा अधिकार थेट १९९३ पर्यंत होता. सचिन कसोटी खेळायला लागून चार वर्षं होत आली तेव्हा कुठे तो गेला.

आणि आपण तेव्हा कोण होतो? १९८३ च्या आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला, १९७५ मध्ये, लीड्सला. समोर पूर्व आफ्रिका होती, म्हणजे केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया यांचा मिळून संघ. १९७९ मध्ये तर आपण तिन्ही सामने हरलो, त्यातला एक श्रीलंकेशी, जिला अजून कसोटी दर्जाही नव्हता. आपल्याला लिंबूटिंबू म्हणायला त्या वेळी कुणाची जीभ अडखळली नसती.

माझा नागपूरचा एक मित्र आहे, त्याच्याशी क्रिकेटच्या राजकारणाचा विषय काढला की तो न चुकता एकाच ठिकाणाहून सुरुवात करतो. "अबे, दोन पासेस नाही दिले त्यांनी आमच्या माणसाले." आमचा माणूस म्हणजे एन. के. पी. साळवे, १९८३ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. भारत अंतिम सामन्यात पोचला, साळव्यांनी लॉर्ड्सवर दोन जादा पास मागितले, नकार आला आणि साळव्यांनी मनाशी ठरवलं की विश्वचषक आता इंग्लंडबाहेर न्यायचा. गोष्ट अशी सांगतात. सांगता सांगता तिला थोडं मीठमसाला लागलेलाही असेल. पण १९८७ चा विश्वचषक खरोखरच भारत-पाकिस्तानात झाला, आणि त्याआधीचे तिन्ही इंग्लंडमध्येच झाले होते. मग १९९६ च्या यजमानपदासाठी १९९३ मध्ये लॉर्ड्सवर जी बैठक झाली ती म्हणे तासन्तास भांडत चालली. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेने तिथे एक साधी युक्ती केली. ज्यांच्याकडे तोवर कुणी ढुंकून बघत नव्हतं त्या कसोटी न खेळणाऱ्या सहयोगी सदस्यांना, म्हणजे लिंबूटिंबूंना, इंग्लंडपेक्षा जास्त पैसे देऊ केले आणि त्यांची मतं गोळा केली. केनिया त्याच सहयोगी सदस्यांतला एक. नेहरू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर मी जे बघितलं ते मुळात पुण्यात आलंच होतं या देशांच्या मतांवर.

हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर त्या दिवशी जरा आणखी ओरडलो असतो.

१९९७ मध्ये जगमोहन दालमिया आयसीसीचे अध्यक्ष झाले. २००५ मध्ये मुख्यालय लॉर्ड्सवरून दुबईला गेलं. २०१० मध्ये शरद पवार अध्यक्ष झाले, तेव्हा बारामतीकडच्या एका नातेवाइकांनी पेढे पाठवल्याचं मला आठवतं. प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. गोऱ्यांच्या हातून बॅट सुटली, असं सरळ साधं बरं. त्यात खोट नव्हती असं आजही म्हणेन.

वाड्यातही तेच झालं होतं. मी सातवीत असताना मामाने मला नवी बॅट आणली, हँडलला लाल रबर असलेली. तिसऱ्या मजल्यावरचा दादा तोवर बारावीत गेला होता. पहिल्या आठवड्यात मी जाहीर केलं की आता सगळ्यांना बॅटिंग मिळणार. दुसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या छोट्याला मी गटाराशी उभं केलं. कुणीतरी उभं राहायलाच हवं ना तिथे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंगापूरला आयसीसीच्या बैठकीत एक ठराव आला. भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांच्या हाती कारभार आणि पैशाचा मोठा वाटा. आठ मंडळांनी बाजूने मत दिलं, पाकिस्तान आणि श्रीलंका तटस्थ राहिले. लहान मंडळांनी स्वतःचाच वाटा कमी करणाऱ्या ठरावाला हात का वर करावा, हा प्रश्न क्रिकेट बघणाऱ्याला पडत नाही, कारण उत्तर माहीत असतं. भारतीय संघ एकदा दौऱ्यावर आला की त्या प्रक्षेपणाच्या पैशावर छोट्या मंडळाची पुढची काही वर्षं निघतात. २०१३ च्या शेवटी आपला दक्षिण आफ्रिकेचा दौरा दोन कसोटी आणि तीन एकदिवसीयांवर आला होता, आणि तो का आखडला याबद्दल सगळे आपापल्या परीने समजून होते. दक्षिण आफ्रिकेचं मंडळ आधी त्या ठरावाविरुद्ध बोलत होतं. मतदानाच्या वेळी ते बाजूने होतं. म्हणजे नकाराधिकार कागदावरून गेला होता, पण कुणी काहीच न बोलता बॅट काखेत मारून जिन्याकडे निघालं की काय होतं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

गंमत अशी की दोनच वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, आयसीसीने स्वतःच एक अहवाल करून घेतला होता. इंग्लंडचे माजी सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांनी त्यात स्वच्छ लिहिलं की ही संस्था सदस्यांच्या क्लबसारखी चालते. जास्त स्वतंत्र संचालक आणा, मोठ्या देशांचं वजन कमी करा, पैसा गरजेप्रमाणे वाटा. अहवालाचं पुढे काय झालं? आमच्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं जे झालं तेच. छान स्पायरल बाइंडिंग करून कपाटात.

मग नागपूरचा दुसरा माणूस आला. शशांक मनोहर. भारतीय मंडळाचे अध्यक्ष असतानाच, तीन देशांची ही दादागिरी आपल्याला पटत नाही, असं ते उघड म्हणाले होते. २०१६ मध्ये ते आयसीसीचे पहिले स्वतंत्र अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती व्यवस्था उलगडायला घेतली. एप्रिल २०१७ मध्ये पैशाच्या नव्या वाटपावर मतदान झालं. तेरा विरुद्ध एक. तो एक म्हणजे आपण. आधीच्या व्यवस्थेत आठ वर्षांत सत्तावन्न कोटी डॉलरच्या आसपास मिळतील अशी आपली अपेक्षा होती. घासाघीस होऊन शेवटी साडेचाळीस कोटींवर आलं, आणि तरीही तो बाकी कुणाहीपेक्षा कितीतरी मोठा आकडा होता. इंग्लंडला चौदा कोटीही नाहीत. त्याच जूनमध्ये अफगाणिस्तान आणि आयर्लंड पूर्ण सदस्य झाले.

तेरा विरुद्ध एक वाचून मला काय वाटलं ते इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला राग आला. मनोहरांचा. आपलाच माणूस, आपल्याच पैशावर टाच. मी नागपूरला फोन लावून तसं बोललोसुद्धा. मित्र थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "काहून बे, साळव्यांनी पास मागितले तर हक्क, अन् यायनं दुसऱ्याले दिले तर गद्दारी?" मी हसलो आणि विषय बदलला, पण ते वाक्य लागलं. नेहरू स्टेडियममध्ये केनियासाठी घसा फोडणारा मी आणि फोनवरचा मी, आम्ही दोघं एकाच अंगात राहतो आणि एकमेकांशी फारसं बोलत नाही.

व्यवस्था फार काळ टिकली नाहीच. मनोहर २०२० मध्ये गेले, आणि २०२४ ते २०२७ साठी जे वाटप मंजूर झालं त्यात भारताचा वाटा सुमारे साडेअडतीस टक्के असल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या इंग्लंडला सात टक्क्यांच्या आत. नव्वदहून जास्त सहयोगी देश, सगळे मिळून, अकरा टक्क्यांच्या आसपास. माझा भाचा सीए आहे. त्याच्यापुढे मी हे आकडे मांडले तर तो म्हणाला, "मामा, पैसे कुठून येतात? आपल्या जाहिरातींतून. मग साडेअडतीस म्हणजे कमीच." मी म्हटलं, अरे, सहकारी साखर कारखान्यात ज्याचा दोन एकर ऊस त्यालाही एकच मत आणि ज्याचा पन्नास एकर त्यालाही एकच. तो म्हणाला, "आणि कारखान्यांचं काय झालं ते बघताय ना?" यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारखान्यात मत एकच असतं पण तोड कधी येणार हे संचालक ठरवतो, आणि ज्याचा ऊस फडात उभा वाळतो तो सभेत हात वर करताना आधी संचालकाकडे बघतो. आयसीसीतही बारा पूर्ण सदस्यांना एकेकच मत आहे. तोड म्हणजे दौरा, एवढाच फरक. म्हणून मला वाटतं, खुर्चीवर कोण बसतो आणि मतं किती, याआधी दौऱ्यांचं वेळापत्रक आणि त्यातला पैसा एका कुणाच्या मर्जीतून सोडवायला हवा. पाहुण्या संघाला यजमानाच्या प्रक्षेपणातला थोडा वाटा द्यावा, सहयोगींच्या तीन संचालकांऐवजी जास्त असावेत, हे सगळं बोलता येतं. भाचा म्हणाला, पण ते मंजूर कोण करणार? तेच बाराजण. चहा गार झाला होता.

आणि नियम असले तरी ते पाळायचं धैर्य ही वेगळीच गोष्ट. पूर्ण सदस्याकडे महिलांचा संघ हवा अशी अट आहे. अफगाणिस्तानने २०२० मध्ये पंचवीस मुलींना करार दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर त्यातल्या बहुतेक जणी देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेल्या. ३० जानेवारी २०२५ ला त्या मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर एकत्र खेळल्या, पण देशाचा अधिकृत संघ म्हणून नाही. त्यानंतर आयसीसीने त्यांच्यासाठी मदतीची योजना जाहीर केली, अट मात्र तशीच बाजूला पडून राहिली. पुरुषांचा संघ काढून टाका म्हणावं तर राशिद खानने काय केलंय? त्याची गुगली बघताना मी सोफ्यावरून पुढे सरकतो, आणि त्या पंचवीस जणींचं काय, हा विचार षटक संपल्यावर येतो. येतो हेही खरं, षटक संपल्यावर येतो हेही खरं.

केनियाचं सगळं खापर मोठ्यांच्या माथी मारता येणार नाही. १९९६ च्याच ऑक्टोबरात नैरोबी जिमखान्यावर आफ्रिदीने ३७ चेंडूंत शतक ठोकलं, म्हणजे त्या मैदानाकडे जगाचं लक्ष होतं. २००३ मध्ये तर ते विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचले, आपल्याशीच खेळले, गांगुलीने शतक काढलं. न्यूझीलंड नैरोबीला जायला नाही म्हणाल्यामुळे त्यांना फुकटचे गुण मिळाले होते हे मान्य, पण श्रीलंकेला त्यांनी मैदानावर हरवलं होतं. पुढच्या वर्षी ओडुम्बेवर सट्टेबाजांशी संबंधांवरून पाच वर्षांची बंदी आली. मंडळात भांडणं, पैशांचे घोळ. हे त्यांचं त्यांनी केलं. पण श्रीलंकेशी ताडून बघा. १९८१ मध्ये पूर्ण सदस्य, १९९६ मध्ये जगज्जेते. त्यांना खेळायला मिळालं, सतत हरायला मिळालं, हरत हरत शिकायला मिळालं. केनियाकडे त्या उपांत्य सामन्यानंतर मोठ्या संघांनी फारसे दौरे नेले नाहीत. २०१४ मध्ये त्यांचा एकदिवसीय दर्जाही गेला. विश्वचषक सोळा संघांवरून चौदावर आणि २०१९ मध्ये दहावर आला. उजेड उरला नाही.

मध्ये एकदा उजेड दिसला. जून २०२४, डॅलस, अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, आणि ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर, आपल्या मुंबईचा, तिकडे सॉफ्टवेअरची नोकरी करणारा. त्या ट्वेंटी-२० विश्वचषकात वीस संघ होते. दहा असते तर नेत्रावळकर त्या संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसला असता.

परवाच्या रविवारी तो मुलगा पुन्हा सलूनमध्ये होता. मला बघून त्यानेच बाकावर जागा केली आणि फोन पुढे धरला. "सर, मी शोधलं." पडद्यावर जुनं, धुरकट चित्र. नेहरू स्टेडियम. लाराची कड, तारिक इक्बालचा चष्मा, वर उडवलेला चेंडू. तो मोठ्याने हसला, तो यष्टिरक्षक त्याच्या एका काकांसारखा दिसतो म्हणाला, आणि त्याने ते तीनदा लावलं. तिसऱ्यांदा मी लाराकडे न बघता मागचे स्टँड बघत होतो, कुठे चार पोरं दिसतात का म्हणून. मग त्याने फोन खिशात टाकला आणि विचारलं, "पण सर, एवढं जिंकलो तर मग पुढे काय झालं?"

तेवढ्यात सलूनवाल्याने मला हाक मारली. मी खुर्चीत बसलो, त्याने गळ्याभोवती कापड आवळलं, डोक्यावर पाण्याचा फवारा मारला. आरशात तो मुलगा मागे बाकावर उत्तरासाठी थांबलेला दिसत होता. मी मान वळवायला लागलो, तर सलूनवाल्याने दोन बोटांनी माझं डोकं पुढे दाबलं.

"काका, मान खाली."